मायक्रोकंट्रोलरची निवड : कृषिपंपाच्या स्टार्टरचे एक उदाहरण

ज्या विद्युत उपकरणाला आत साठवलेल्या आज्ञावलीनुसार स्वतः निर्णय घ्यावे लागतात, त्याच्या केंद्रस्थानी आज बहुधा एक मायक्रोकंट्रोलर असतो. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवर सामावलेला छोटा संगणक. आज्ञा पार पाडणारा प्रोसेसर, आज्ञावली साठवणारी फ्लॅश मेमरी, चालू हिशेबापुरती माहिती धरून ठेवणारी रॅम, वेळ मोजणारे टायमर, बाहेरच्या व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणारा एडीसी आणि या सर्वांना बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या पिना असा त्याचा संसार असतो. मायक्रोप्रोसेसरला मेमरी आणि इतर जोडण्या बाहेरून पुरवाव्या लागतात. मायक्रोकंट्रोलरला वीज आणि आज्ञावली मिळाली की तो कामाला लागतो. धुलाई यंत्र, वीजमीटर, रिक्षाचा मीटर, दुचाकीतील इंधनपुरवठा आणि मतदान यंत्र या सर्वांत त्याचा वावर आहे.

बाजारात या चिपचे हजारो प्रकार उपलब्ध असल्याने नव्या उपकरणाची आखणी करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न निवडीचा उभा राहतो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा वेग, मेमरी व किंमत यांच्या तक्त्यात शोधले जाते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे की हा तक्ता शेवटी पाहायचा असतो. आधी पाहायचा असतो तो उपकरणाच्या आयुष्यातील सर्वांत कठीण क्षण. उपकरण सुरळीत चालू असताना जवळजवळ कोणतीही चिप पुरेशी ठरते. वीज जात असताना, सर्व कामे एकाच वेळी अंगावर आली असताना, पेटी उन्हात तापलेली असताना किंवा ठरलेली चिप बाजारातून वर्षभर नाहीशी झाली असताना काय होते, यावरच निवड बरोबर होती की चूक हे ठरते.

१. वारसा आणि सवय

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस १००० हा १९७४ साली बाजारात आलेला चार-बिटी मायक्रोकंट्रोलर या परंपरेच्या आरंभी उभा आहे. इंटेलने १९७६ मध्ये ८०४८ आणि १९८० मध्ये ८०५१ आणला. ८०५१ मध्ये आज्ञावलीसाठी ४ किलोबाइट, रॅम म्हणून अवघे १२८ बाइट, दोन टायमर, एक सिरियल पोर्ट आणि ३२ आदान-प्रदान पिना होत्या. इतर अनेक उत्पादकांनीही हीच रचना उचलल्यामुळे ती एका कंपनीची न राहता साऱ्या उद्योगाची झाली, आणि भारतातील अभियांत्रिकी व तंत्रनिकेतनांच्या अभ्यासक्रमात तिने दीर्घकाळ ठाण मांडले. पुढे १९९० च्या दशकात फ्लॅश मेमरीमुळे आज्ञावली पुनःपुन्हा पुसून लिहिणे सोपे झाले. नॉर्वेतील ट्रोंडहाइम येथे दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून निघालेली एव्हीआर मालिका अ‍ॅटमेलने याच दशकात बाजारात आणली. आर्मने २००४ मध्ये कॉर्टेक्स-एम ३ हा गाभा जाहीर केला आणि त्यावर आधारलेली एसटीएम ३२ मालिका २००७ मध्ये आली. वाय-फाय अंगातच असलेल्या ईएसपी ८२६६ आणि ईएसपी ३२ या चिप अनुक्रमे २०१४ आणि २०१६ मधील आहेत.

या इतिहासाचा निवडीशी असलेला संबंध दुहेरी आहे. जुनी रचना टिकून राहते याचे कारण तिच्याभोवती साधने, पुस्तके आणि हात बसलेली माणसे जमलेली असतात, आणि हे कारण क्षुल्लक नाही. मात्र सवयीने उचललेल्या चिपबरोबर तिचे जुने संकेतही न समजता उचलले जातात. ८०५१ च्या असंख्य सर्किटांत दिसणारा ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल हे त्याचे नमुनेदार उदाहरण होय. क्रिस्टल म्हणजे चिपच्या घड्याळाला ठोका देणारा क्वार्ट्झचा तुकडा. मूळ ८०५१ मध्ये या ठोक्याला १२ ने भागून यंत्रचक्र मिळते, म्हणजे सेकंदाला ९,२१,६०० चक्रे; सिरियल पोर्टसाठी त्याला आणखी ३२ ने भागले की २८,८०० आणि टायमरने ३ ने भागले की नेमका ९६०० हा संदेशवहनाचा प्रचलित वेग हाती येतो. त्याऐवजी दिसायला सरळ असा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला, तर हेच गणित १०,४१७ वर जाऊन थांबते, म्हणजे साडेआठ टक्क्यांची चूक होते. सिरियल पद्धतीत एका बाइटसाठी दहा बिट जातात आणि घेणारी बाजू फक्त पहिल्या बिटाच्या आरंभी आपले घड्याळ जुळवून घेते, त्यामुळे शेवटच्या बिटापर्यंत ही चूक साठत जाऊन पाऊण बिटाच्याही पुढे जाते आणि अक्षर चुकते. तात्पर्य, तो विचित्र आकडा ही अंधश्रद्धा नव्हती. पण जेथे सिरियल पोर्ट वापरातच नाही तेथेही तोच क्रिस्टल बसवला जात राहिला, ती मात्र निव्वळ सवय होती.

२. उदाहरणाची मांडणी : विहिरीवरची पेटी

निवडीची चर्चा हवेत राहू नये म्हणून येथे एकच उदाहरण घेतले आहे, ते म्हणजे मोबाइलवरून चालू-बंद करता येणारा कृषिपंपाचा स्टार्टर. महाराष्ट्रात शेतीला थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळत आल्यामुळे मध्यरात्री विहिरीवर जाऊन मोटार चालू करण्याचे कष्ट आणि त्यातील साप-विंचवाचे भय शेतकऱ्याला चांगलेच परिचित आहे. मोबाइल स्टार्टर हे त्यावरचे उत्तर होय. त्याने तीन फेजचे व्होल्टेज आणि तीन तारांतील प्रवाह मोजायचे, एक फेज गेली तर मोटार थांबवायची, विहिरीतले पाणी संपून मोटार कोरडी चालू लागली तर तेही ओळखायचे, फोन किंवा एसएमएसवरून आलेली आज्ञा पाळायची आणि काय घडले ते मालकाला कळवायचे.

यातील फेज जाण्याचा प्रसंग बारकाईने पाहण्याजोगा आहे. थ्री-फेज मोटार चालू असताना एक फेज गेली तरी ती लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती घरघरत फिरत राहते, त्या दोन तारांतील प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो आणि वाइंडिंग तापून मोटार जळते. फिरणारी मोटार गेलेल्या फेजच्या तारेवर स्वतःच काही व्होल्टेज निर्माण करत असल्याने ‘व्होल्टेज आहे की नाही’ एवढेच पाहणारे साधे सर्किट येथे फसते. तिन्ही व्होल्टेजांतील तफावत आणि तिन्ही प्रवाह एकत्र मोजावे लागतात. दुसरीकडे, मोटार चालू होताना पहिले काही सेकंद ती नेहमीच्या पाच-सात पट प्रवाह घेते, तेव्हा हा प्रवाह दोष न मानण्याचे भानही आज्ञावलीला असावे लागते. मोटार वाचवण्याचा निर्णय काही सेकंदांत घेतला तरी चालतो; पण त्या निर्णयामागचे मोजमाप मात्र खरे असावे लागते. म्हणजेच या उपकरणाची मागणी अफाट वेगाची नाही, खात्रीची आहे, आणि चिपची तुलना याच निकषावर व्हायला हवी.

३. पिना आणि वेळ यांचा हिशेब

निवडीचे पहिले काम कागद-पेन्सिलीचे असते. तीन व्होल्टेज आणि तीन प्रवाह यांसाठी एडीसीच्या ६ पिना, मोबाइल जाळ्याशी जोडणाऱ्या मोडेमशी बोलण्यासाठी २, तपासणीसाठी दुसऱ्या सिरियल जोडणीच्या २, मोटार चालू आणि बंद करणाऱ्या रिलेंसाठी २, दिव्यांसाठी ४, बटणांसाठी ३, मोडेम चालू-बंद करण्यासाठी १, क्रिस्टलसाठी २ आणि रीसेटसाठी १ अशा एकूण २३ पिना लागतात. अर्दुइनो बोर्डामुळे घरोघरी पोचलेल्या अ‍ॅटमेगा ३२८पी या आठ-बिटी चिपवर वापरता येणाऱ्या पिना नेमक्या २३ च आहेत. वरवर पाहता गणित जुळते, पण त्या चिपवर सिरियल पोर्ट एकच आहे. शिवाय पुढेमागे तारीख-वेळ राखणारी वेगळी चिप जोडायची ठरली, तर तिच्यासाठी लागणाऱ्या दोन पिना त्याच आहेत ज्यांवर एडीसीच्या सहापैकी दोन वाहिन्या आहेत, म्हणजे एक हवे तर दुसरे सोडावे लागेल. डेटाशीटच्या पहिल्या पानावर जे जे छापलेले असते ते एकाच वेळी मिळेलच असे नसते. एकेका पिनेवर तीन-चार कामे लादलेली असतात आणि त्यांतील एकच निवडता येते.

याच जातीचा आणखी एक सापळा ईएसपी ३२ मध्ये आढळतो. वाय-फाय, भरपूर रॅम आणि अल्प किंमत यांमुळे ही चिप मोहात पाडते आणि तिच्या वर्णनात एडीसीच्या १८ वाहिन्यांचा उल्लेख असतो. प्रत्यक्षात त्यांपैकी दुसऱ्या एडीसीच्या १० वाहिन्या वाय-फाय चालू असताना वापरता येत नाहीत. पहिल्या एडीसीच्या ८ वाहिन्यांपैकी २ सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूरूम मॉड्यूलवर बाहेरच काढलेल्या नसतात. अठरापासून सुरू झालेला आकडा अशा रीतीने सहावर येतो. स्टार्टरला सहाच वाहिन्या हव्या असल्याने काम कसेबसे भागते, पण सातवी गरज निघाली की संपूर्ण पीसीबी नव्याने आखावी लागते. म्हणून पिना, मेमरी आणि वेळ या प्रत्येक बाबतीत निदान पाचवा हिस्सा मोकळा राहील अशीच चिप निवडण्याचा शिरस्ता जाणकार पाळतात.

वेळेचा हिशेब त्याहून बोधप्रद आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एका लहरीला २० मिलिसेकंद लागतात. प्रत्येक लहरीचे ३२ नमुने घ्यायचे ठरवले, तर एका वाहिनीचे सेकंदाला १,६०० आणि सहा वाहिन्यांचे ९,६०० नमुने होतात, म्हणजे प्रत्येक नमुन्यासाठी सुमारे १०४.१७ मायक्रोसेकंद मिळतात. अ‍ॅटमेगाचा ठोका १६ मेगाहर्ट्झचा असेल तर एडीसीचे घड्याळ १२८ ने भागून १२५ किलोहर्ट्झ होते आणि एका रूपांतराला त्याचे १३ ठोके, म्हणजे १०४ मायक्रोसेकंद लागतात. कागदावर काम बसते; पण हाताशी राहिलेला अवकाश एका मायक्रोसेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी आहे, आणि मोडेमकडून एखादे अक्षर येऊन प्रोसेसर क्षणभर तिकडे वळला की नमुना चुकतो. प्रोसेसरच्या बाजूने पाहिले तर ताण नाहीच : दोन नमुन्यांमध्ये त्याला सोळाशेहून अधिक चक्रे मिळतात आणि एका नमुन्याचा वर्ग करून बेरजेत मिळवायला शंभर-दोनशे चक्रे पुरतात. अडचण एडीसीची आहे.

येथे दोन मार्ग संभवतात. एक म्हणजे अधिक वेगवान एडीसी असलेली चिप घेणे. एसटीएम ३२ एफ १०३ मधील १२-बिटी एडीसी सेकंदाला दहा लाख नमुने घेऊ शकतो आणि मग हा प्रश्न उरतच नाही. दुसरा मार्ग म्हणजे ३२ नमुने खरोखर हवेत का, हे विचारणे. मोटारीच्या संरक्षणासाठी लहरीचे परिणामी मूल्य काढायला २० नमुने पुरेसे असतात आणि तेवढे घेतले तर प्रत्येकासाठी १६६ मायक्रोसेकंद मिळून आठ-बिटी चिपही निश्चिंतपणे काम करते. चिप बदलण्यापूर्वी गरज तपासावी, हा धडा या छोट्या गणितातून मिळतो. मात्र उद्या त्याच उपकरणाने वीजवापर आणि पॉवर फॅक्टरही मोजावा अशी अपेक्षा असेल, तर एकामागून एक घेतलेल्या नमुन्यांतील कालांतर हीच चूक ठरते, कारण १०४ मायक्रोसेकंद म्हणजे ५० हर्ट्झच्या लहरीत जवळजवळ दोन अंश होतात. आजची गरज आणि उद्याची अपेक्षा यांतील सीमारेषा म्हणूनच निवडीपूर्वीच आखून घ्यावी लागते.

४. मेमरी आणि मराठी संदेश

मेमरी किती हवी याचे उत्तर पुष्कळदा अनुभवी माणसाच्या अंदाजावर सोडले जाते. तेही मोजून देता येते. स्टार्टरने मालकाला मराठीत कळवावे अशी अट घातली की प्रश्नाचे स्वरूप बदलते. रोमन लिपीतील एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. देवनागरीसाठी प्रत्येक चिन्हाला दोन बाइट देणारी संकेतपद्धती वापरावी लागत असल्याने ती मर्यादा ७० वर येते, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार हे सर्व स्वतंत्र मोजले जातात. ‘मोटार बंद. एक फेज गेली.’ हा संदेश वाचताना लहान वाटतो, पण त्यात २३ चिन्हे आहेत. मोडेमला तो षोडशमान अंकांच्या रूपात पाठवायचा तर प्रत्येक चिन्हाचे चार अंक होतात, आणि ७० चिन्हांचा पूर्ण संदेश २८० अंकांचा होतो. अ‍ॅटमेगा ३२८पी ची एकूण रॅम २,०४८ बाइट आहे. त्यातच मोडेमचे उत्तर साठवायचे, सहा वाहिन्यांच्या बेरजा ठेवायच्या आणि कार्य एकातून दुसऱ्यात जाताना लागणाऱ्या स्टॅकसाठी जागा राखायची, तर हे २८० बाइट जाणवण्याइतके जड आहेत.

फ्लॅशच्या बाबतीत ७० चिन्हांचे ४० संदेश दोन बाइटच्या पद्धतीने ठेवले तर ५,६०० बाइट, म्हणजे ३२ किलोबाइटचा सहावा हिस्सा त्यांतच जातो. येथे थोड्या विचाराने निम्मी जागा वाचवता येते. युनिकोडमध्ये देवनागरीला मिळालेल्या मूळ खंडात १२८ स्थाने आहेत आणि रोमन अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांचा जुना संचही १२८ चाच आहे. तेव्हा एका बाइटच्या खालच्या अर्ध्या मूल्यांत रोमन आणि वरच्या अर्ध्यात देवनागरी असे ठरवून घेतले की संदेश एकेका बाइटात साठतो आणि पाठवताना त्याचा विस्तार करता येतो. ‘दुसऱ्या पाळीत’ यांसारख्या शब्दांतील ‘ऱ’ साठीही त्या खंडात स्वतंत्र स्थान असल्याने मराठी लेखन कोठे अडत नाही. विस्तार करतानाही पूर्ण संदेश रॅममध्ये न रचता एकेक चिन्ह रूपांतरित करून मोडेमकडे सोडले, तर ते २८० बाइटही लागत नाहीत. मोठी चिप घेऊन जे साधते ते कधीकधी आज्ञावलीच्या कौशल्यानेही साधते. प्रश्न एवढाच असतो की ते कौशल्य एकदाच खर्ची पडणार आहे, की पुढच्या प्रत्येक दुरुस्तीत नव्या माणसाला ते नव्याने समजून घ्यावे लागणार आहे. शंभर नग करायचे असतील तर मोठी चिप घेणे स्वस्त पडते आणि लाख नग करायचे असतील तर कौशल्य.

५. वीज जाण्याचा आणि येण्याचा क्षण

स्टार्टरच्या दृष्टीने सर्वांत कठीण क्षण हा वीज जाण्याचा. मोटार किती तास चालली याची नोंद ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, करायची असते. ती दर मिनिटाला एकाच जागी केली, तर रोज आठ तास चालणाऱ्या पंपासाठी दिवसाला ४८० वेळा लेखन होते. अ‍ॅटमेगाच्या ईईप्रॉमची लेखनमर्यादा एक लाख असल्यामुळे ती जागा २०८ दिवसांत, म्हणजे सात महिन्यांत संपते. तेच लेखन फिरत्या क्रमाने १६ जागांत वाटले तर नऊ वर्षे निघतात. लेखन फक्त वीज जाताना करायचे ठरवले, तर वेगळा हिशेब समोर येतो : एका बाइटला सुमारे ३.४ मिलिसेकंद, २० बाइटला ६८ मिलिसेकंद, आणि तेवढा वेळ सर्किट २० मिलिअँपिअर घेत असताना ५ व्होल्टवरून ४.३ व्होल्टच्या खाली उतरू नये यासाठी जवळजवळ दोन हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. हा ४.३ व्होल्टचा आकडा ब्राऊन-आउट संरक्षणाचा आहे. व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेले की प्रोसेसरला सक्तीने थांबवणारे हे संरक्षण बंद ठेवले, तर अर्धवट विजेवर भरकटलेला प्रोसेसर साठवलेले फोन नंबरही बिघडवू शकतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी ४३० मालिकेतील काही चिपमध्ये एफरॅम ही मेमरी असते. तिच्यात लेखन मायक्रोसेकंदाच्याही आत होते आणि लेखनमर्यादा व्यवहारात संपत नाही. ती निवडली तर मोठा कपॅसिटर जातो, पण चिप ३.६ व्होल्टच्या वर चालत नाही.

व्होल्टेजची ही बाब दुय्यम नाही. पाच व्होल्टवर चालणाऱ्या चिपला कॉन्टॅक्टरच्या ठिणग्यांतून येणाऱ्या विद्युत गोंगाटाविरुद्ध थोडी अधिक सुरक्षितता मिळते, तर टू-जी मोडेम ४ व्होल्टच्या आसपास चालतो आणि त्याच्या संदेशतारा ३ व्होल्टच्याही खाली असतात, म्हणून मध्ये पातळी बदलणारे सर्किट घालावे लागते. हा मोडेम प्रक्षेपण करताना अर्ध्या मिलिसेकंदाहून थोड्या अधिक काळापुरते, पण दर ४.६ मिलिसेकंदांनी, २ अँपिअरपर्यंत प्रवाह खेचतो. वीजपुरवठा कमजोर असेल तर याच झटक्याने चिपचे व्होल्टेज कोसळते आणि ‘फोन आला की स्टार्टर रीसेट होतो’ अशी तक्रार येते, जिचे खापर निष्कारण मायक्रोकंट्रोलरवर फुटते.

वीज परत येण्याचा क्षणही तितकाच नाजूक आहे. रीसेट होताच चिपच्या बहुतेक पिना निराधार होतात आणि त्या क्षणी रिले आपोआप ओढला जाऊ नये यासाठी त्याच्या ट्रान्झिस्टरला ‘बंद’ बाजूकडे खेचणारा रोधक असावाच लागतो. त्यापुढचा धोका एका पेटीपुरता राहत नाही. लाइट येताच एका डीपीवरचे सारे पंप एकदम सुरू झाले की ट्रान्सफॉर्मरवर भार पडतो. याच कारणाने महावितरण शेतकऱ्यांना ऑटो स्विच न वापरण्याचे आणि कपॅसिटर बसवण्याचे आवाहन करत आले आहे. चांगल्या स्टार्टरने म्हणून काही मिनिटे थांबावे आणि प्रत्येक पेटीचा थांबा निराळा असावा. हा निराळेपणा आणण्यासाठी एसटीएम ३२ मध्ये कारखान्यातच कोरलेला ९६ बिटांचा ओळखक्रमांक उपयोगी पडतो, आणि ज्या चिपमध्ये तशी सोय नाही तेथे मोडेमचा १५ अंकी आयएमईआय वापरता येतो.

६. ऊन आणि बॅटरी

चिपच्या तापमानश्रेणी साधारणपणे तीन मानल्या जातात : ० ते ७० अंशांची व्यावसायिक, उणे ४० ते ८५ अंशांची औद्योगिक आणि १०५ किंवा १२५ अंशांपर्यंतची विस्तारित. विदर्भात मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या पुढे जाते, लोखंडी पेटी उन्हात असते आणि आत कॉन्टॅक्टरची उष्णता वेगळी असते. म्हणून व्यावसायिक श्रेणी येथे बाद ठरते. चिपबरोबरच इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही पाहावे लागतात, कारण दर १० अंशांच्या वाढीला त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, आणि पेटी बंद पडते ती पुष्कळदा त्यांच्यामुळे.

स्टार्टरला सोबत म्हणून शेतात जमिनीची ओल मोजणारे बॅटरीवरचे उपकरण ठेवले, तर त्याची कसोटी विजेच्या काटकसरीची असते. झोपेत २ मायक्रोअँपिअर आणि दर दहा मिनिटांनी ५० मिलिसेकंद जागे राहताना १० मिलिअँपिअर घेणाऱ्या चिपचा सरासरी प्रवाह ३ मायक्रोअँपिअरहूनही कमी येतो. २,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी त्याला अनेक दशके पुरेल, म्हणजे व्यवहारात बॅटरी स्वतःच्या वयानेच संपेल. मात्र त्या चिपशेजारी ७८०५ सारखा जुना व्होल्टेज रेग्युलेटर बसवला, तर तो काही काम नसतानाही ५ मिलिअँपिअर खातो आणि तीच बॅटरी ४०० तासांत, सतरा दिवसांत रिकामी होते. चिपची निवड कितीही अचूक असली तरी तिचे शेजारी निवडले नाहीत तर ती वाया जाते.

७. बाजार, साधने आणि माणसे

२०२० ते २०२२ या काळात जगभर चिपचा तुटवडा पडला, नेहमीच्या मायक्रोकंट्रोलरसाठीही वर्षभराची प्रतीक्षा करावी लागली आणि मोटारगाड्यांच्या कारखान्यांनाही उत्पादन थांबवावे लागले. लहान उद्योजकांना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जो माल मिळेल त्यावर भागवणे भाग पडले, आणि अशा वेळी नाव पुसून दुसरे छापलेल्या चिपही बाजारात शिरतात. एसटीएम ३२ एफ १०३ शी पिनेला पिन जुळणाऱ्या इतर कंपन्यांच्या चिप मिळतात. पण आज्ञावली तशीच चालेल हे गृहीत न धरता प्रत्येकीची वेगळी तपासणी करावी लागते. म्हणून दीर्घायुषी उपकरणासाठी उत्पादकाचे पुरवठ्याचे वचन हा निकष डेटाशीटमधील वेगाइतकाच महत्त्वाचा मानावा. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स आपल्या एसटीएम ३२ साठी दहा वर्षांच्या पुरवठ्याची हमी देते, तर २०२१ मध्ये आलेली आरपी २०४० ही चिप निदान २०४१ पर्यंत बनवली जाईल असे रास्पबेरी पायने जाहीर केले आहे.

साधनांच्या बाबतीत मोफत कंपायलर उपलब्ध आहे का, चालत्या आज्ञावलीला मधेच थांबवून आत डोकावता येते का, आणि उत्पादकाने चिपमधील ज्ञात दोषांची यादी प्रसिद्ध केली आहे का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. त्यांतील तिसरा बहुतेक जण विसरतात. दोषांची यादी असणे हे कमीपणाचे लक्षण नसून ती नसणे संशयास्पद मानावे. आज्ञावली पुन्हा लिहिता यावी की नाही, हाही वापरावर अवलंबून असलेला निर्णय आहे : स्टार्टरमध्ये ती दुरून बदलता यावी अशी इच्छा असते, तर भारतीय मतदान यंत्रांत एकदाच लिहिता येणारी चिप वापरली जाते, आणि तेथे बदल न करता येणे हाच गुण आहे. स्वदेशी पर्यायांकडेही लक्ष द्यायला हवे. आयआयटी मद्रासची शक्ती मालिका आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे वेगा प्रोसेसर व त्यावरची तेजस ३२ ही चिप रिस्क-फाइव्ह या मुक्त रचनेवर उभ्या आहेत. शिक्षण आणि प्रयोगासाठी त्या आज हाताशी आहेत, आणि उत्पादनात त्यांची निवड करतानाही पुरवठा आणि साधने यांचे वरील प्रश्नच विचारावेत.

८. निष्कर्ष

स्टार्टरच्या उदाहरणाचा निवाडा आता करता येतो. संरक्षण, मराठी संदेश आणि टू-जी मोडेम एवढीच कायमची गरज असेल, तर दोन सिरियल पोर्ट आणि एडीसीच्या आठ वाहिन्या असलेली, पाच व्होल्टवर चालणारी अ‍ॅटमेगा ३२८पीबी ही ३२ पायांची औद्योगिक श्रेणीची चिप, लहरीमागे २० नमुने घेण्याच्या अटीवर, योग्य आणि पुरेशी आहे. पॉवर फॅक्टर मोजणे, फोर-जी मोडेम आणि दुरून आज्ञावली बदलणे यांपैकी एकही गोष्ट पुढील पाच वर्षांत येणार असेल, तर पहिल्याच दिवशी ३२-बिटी चिप घेणे शहाणपणाचे आहे. पीसीबी, आज्ञावली आणि तपासणी यांची पुनरावृत्ती चिपच्या किमतीतील फरकाहून कितीतरी महाग पडते. ईएसपी ३२ या कामात नाकारण्याचे कारण तिची दुर्बलता हे नाही. विहिरीवर वाय-फाय नसते आणि एडीसीच्या वाहिन्यांत मोकळी जागा उरत नाही, हे आहे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आणि लघुउद्योजकांनी यातून एक पद्धत उचलावी. चिपचे नाव मनात येण्यापूर्वी एका पानावर उपकरणाचे सर्वांत कठीण क्षण लिहावेत, प्रत्येकापुढे पिना, वेळ, मेमरी, प्रवाह आणि तापमान यांचा आकडा मांडावा, निवडलेली चिप प्रत्येक आकड्यावर किती मोकळी राहते ते नोंदवावे आणि कोणत्या चिप कोणत्या कारणाने नाकारल्या तेही त्याच पानावर ठेवावे. निवड करणारा माणूस उद्या दुसरीकडे जाईल, चिप बदलावी लागेल, मालक नवी सोय मागेल. त्या वेळी ते पान फाइलमध्ये असले पाहिजे.